गेटवर अडलेला माल

मानकोलीत गाडी अडवायला अक्कल लागत नाही, टेम्पो लागतो. आणि धनेश केणेकडे टेम्पो दोन होते. त्यातला जुना त्यानं सकाळीच औषधांच्या गोडाऊनच्या गेटला आडवा लावला, पुढच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली, किल्ली खिशात टाकली आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला. हवा सोडलेली गाडी पोलिसांनाही सहज ढकलता येत नाही. ही विद्या गावात बापाकडून मुलाकडे येते.

भांडण हक्काचं होतं. हे गोडाऊन ज्या भातखाचरांवर उभं होतं ती केण्यांची आणि त्यांच्या भावकीची. जमीन भाड्यानं दिली तेव्हाच ठरलं होतं, की इथला माल चढवायचा आणि उतरवायचा तो गावच्या पोरांनी. असं कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कुणी मोडलंही नव्हतं. आणि आज कंपनीनं कुणाला न विचारता नारपोलीकडून दोन जीप भरून बाहेरची माणसं आणली. आत एक मोठी गाडी भरायलाही लागली होती. हे खपवून घेतलं तर उद्या गावाला या गेटवर कुत्रंही विचारणार नाही, असं धनेशचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर त्यात काही चूक नव्हती.

गेटच्या जाळीपलीकडे गोडाऊनचा मॅनेजर विवेक उभा होता. डोंबिवलीहून रोज मोटारसायकलवर येणारा सरळ माणूस. धनेशशी त्याचं एरवी चांगलं जमायचं.

"धनेशशेठ, एवढा एक दिवस जाऊ द्या," तो म्हणाला. "माणसं मी नाही आणली, हेड ऑफिसनं पाठवली. माल अर्जंट आहे."

"साहेब, तुमचा कंचा माल अर्जंट नसतो? मागच्या टायमाला टॉनिकच्या बाटल्या पन अर्जंटच होत्या."

"कोर्टाचं प्रकरण आहे हो. जास्त बोलता येत नाही मला."

"मंग नका बोलू. आमी पन बसतो, तुमी पन बसा."

विवेकनं घड्याळात पाहिलं आणि फोन काढत आत वळला. धनेशला गंमत वाटली. साहेब लोकांना एकदा गप्प बसवलं की दिवस चांगला जातो, असं त्याचं मत होतं.

पण आजचा दिवस त्याच्यासाठी चांगला उजाडलाच नव्हता. रात्री जेवताना बापाला ठसका लागला होता. साधी पेज, तीही पातळ, पण भलतीकडे गेली आणि बाप काळानिळा पडला. धनेशच्या बायकोनं, सुवर्णानं, पाठीवर बुक्क्या घातल्या तेव्हा कुठं श्वास परत आला. त्यानंतर घरात कुणी धड झोपलं नव्हतं.

धनेशचा बाप, नामा केणे, एकेकाळी या रस्त्यावर ट्रकपुढं आडवा झोपलेला माणूस. गोडाऊनं नुकती येऊ लागली तेव्हा गावच्या पोरांना काम मिळावं म्हणून पहिली गाडी त्यानंच अडवली होती. आता त्याचं अंग त्याचं ऐकत नव्हतं. खांदा उडे, बोटं आपोआप वळत, मान झटका देऊन फिरे, आणि चालताना पाय भलत्याच जागी पडे. गाव म्हणे, नामा पिऊन असतो. घरच्यांनीही ते तसंच राहू दिलं. दारुड्याला गाव फक्त हसतं. रक्तातून उतरणारा रोग म्हटला तर सोयरिकी मोडतात. नामाच्या मुलीच्या, नेत्राच्या, लग्नाची बोलणी चालू होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रोगाचं नाव हंटिंग्टन. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदूचं चित्र काढून तो समजावला होता आणि शेवटी हेही सांगितलं होतं, की तो बापाकडून पोरात येऊ शकतो; रक्त तपासलं तर कळेल. धनेशनं तपासलं नव्हतं. सकाळी दाढी करताना हात जरा हलला तरी तो थांबून आरशात बघत राही, आणि मग स्वतःलाच शिवी घालून दाढी पुरी करी.

रोग बरा करणारं औषध नाही, पण अंगाचं हे उडणं आवरणारं आहे. जुनं होतं ते स्वस्त. त्यानं हालचाल थांबली आणि माणूसही थांबला. नामा बोलेना, जेवेना, आणि एका संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसलेला सापडला. डॉक्टरबाईंनी ते तिथल्या तिथं बंद केलं. मग नवी गोळी मिळाली, परदेशी कंपनीची. ती विकत घ्यायची तर खाचरं विकायला लागली असती, पण कंपनीची गरजूंसाठी योजना होती, त्यातून ती फुकट येई. त्या गोळीवर नामा पुन्हा स्वतःच्या हातानं जेवू लागला. सांडायचं, पण जेवायचा, आणि जेवताना पोराला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा.

यंदा ती योजना बंद झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, धीर धरा, तीच गोळी आपल्या इथल्या एका कंपनीनं बनवली आहे, आठवड्याच्या भाजीच्या पैशात महिनाभर पुरेल. फक्त पेटंटची भानगड आहे. औषधाचं मूळ पेटंट संपलं, तर परदेशी कंपनी म्हणते, दिवसातून एकदाच घ्यायची ही जी गोळी आहे, तिच्या घडणीचं वेगळं पेटंट आमच्याकडे आहे. धनेशला हे लगेच समजलं. भाड्याची मुदत संपल्यावर भाडेकरूनं म्हणावं, जागा तुमची, पण शटर मी बसवलंय, तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. तसलाच हा प्रकार. शेवटची पट्टी सुवर्णा एक दिवस देऊन, एक दिवस चुकवून पुरवत होती. कालचा दिवस चुकवलेला होता.

दुपारचा चहा संपायच्या आत धनेशचा फोन वाजला. नारपोलीचा सुभाष, मेडिकलवाला. देशी कंपनीची गोळी आली की पहिला डबा तुम्हाला, असं त्यानं केव्हापासून सांगून ठेवलं होतं.

"धनेशभाऊ, गोळी आली," सुभाष म्हणाला. "म्हणजे निघाली. कंपनीनं गाजावाजा न करता आजच माल बाजारात सोडायचं ठरवलंय. पेटंटवाल्यांना सुगावा लागला आणि ते आज दिल्लीला कोर्टात उभे आहेत. स्टे येईल असं सगळे म्हणतात. स्टे यायच्या आधी जो माल बिल होऊन गोडाऊनबाहेर पडला तो विकता येईल. आत राहिला तो राहिला."

"मंग? बाहेर कवा पडते?"

"तेच तर. तुमच्या मानकोलीतच आहे माल. तिथं गेटवर कुणा गावगुंडानं टेम्पो आडवा घातलाय म्हणे. तुमची गावात ओळख आहे ना, जरा जाऊन बघता का कोण आहे तो?"

धनेशनं समोर आडव्या लावलेल्या आपल्या टेम्पोकडे पाहिलं.

"बगतो," तो म्हणाला.

तो धावत गेटपाशी गेला. विवेक आत फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. धनेशनं जाळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळीचं नाव घेतलं. ते ऐकताच विवेकनं फोन कानापासून काढला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माज्या बापाची गोळी हाय ती."

विवेक जाळीला येऊन भिडला. मग म्हणाला, "अहो मग काढा ना तो टेम्पो. मी सकाळपासून काय सांगतोय. नाव घ्यायची परवानगी नव्हती मला. वकील म्हणतात जेवणाच्या सुट्टीनंतर आपली केस लागेल. सुट्टी आता संपत आलीय."

आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते धनेशला आयुष्यात पहिल्यांदा नीट समजलं. तो वळला, आणि वळला तिथंच थांबला. तो चहा पीत होता तेवढ्यात गाव जमलं होतं. त्यानंच सकाळी निरोप धाडले होते. लोडिंगची सगळी पोरं टेम्पोला टेकून उभी होती. बायका गेटसमोर फतकल मारून बसल्या होत्या, आणि मधोमध खुर्ची टाकून चंद्राकाका बसला होता. नामाचा चुलतभाऊ. गावात त्याचा शब्द शेवटचा.

"काका, ऊठ. झाला आपला काम," धनेश म्हणाला. "कंपनी कबूल झाली. गाडी सोडू."

"कबूल झाली? कवा?"

"आता. साहेबाशी बोललो ना मी."

चंद्राकाकानं सावकाश मान वर केली. "बरा. मंग ती बाहेरची मानसा बाहेर काढा आदी. आमची पोरा गाडी भरतील. उद्या."

"उद्या न्हाय काका. आता भरायला लागल."

"आता का?"

धनेशनं मागं वळून गेटकडे बघितलं. आणि गावाला तर नुसतं बघणंसुद्धा कळतं. पोरांत कुजबूज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "शेठला पाकीट पोचला वाटते."

"तुना इकत घेतला का रं कंपनीनं?" चंद्राकाकानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "नामाचा पोर हायस तू. तो चाकाखाली झोपला हुता, ठाव हाय ना? आनि तू सकाली गाव गोला करतोस न् दुपारी गाव इकतोस?"

धनेशचे कान तापले. दुसरं कुणी बोललं असतं तर त्यानं कॉलर धरली असती. "तसा न्हाय काका," एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला की कंपनी लिहून देईल. चंद्राकाका म्हणाला, देऊ दे, वाचून दाखव. धनेश पुन्हा जाळीकडे पळाला. विवेकनं हेड ऑफिसला फोन लावला. हेड ऑफिसनं विचारलं, कोण लिहून मागतं, कशाबद्दल मागतं, शिक्का कुणाचा पाहिजे. विवेक घामानं निथळत उत्तरं देत होता आणि आत अर्धी भरलेली गाडी तशीच उभी होती. गावाच्या धाकानं काम थांबवून बाहेरची माणसं खोक्यांवर बसून बघत होती. त्यातला एक म्हणाला, "बोलो तो सही, माल डालना है कि नहीं?"

नेत्राच्या होऊ घातलेल्या सासरची दोन माणसं त्या गर्दीत होती. धनेशनं त्यांना मघाशीच बघितलं होतं. एका वाक्याचं काम होतं. बोलावं तर बहिणीचं मोडतं, न बोलावं तर बापाचं. आणि हे असं हिशेब करत बसण्यातच वेळ जात होता. स्वतःची एवढी चीड त्याला कधी आली नव्हती.

विवेकनं फोन खाली केला. "केस पुकारली," तो जाळीतून हलकेच म्हणाला. "वकील बोलायला उभे राहिले."

धनेश परत आला आणि चंद्राकाकासमोर मातीत बसला.

"काका, बाबा पीत न्हाय," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कदीच पीत नव्हता. त्याला रोग हाय. रक्तातला हाय. आमच्या घरान्यात हाय. माज्यात पन असंल, मना ठाव न्हाय. त्याची गोली या गाडीत हाय, न् ही गाडी आता न्हाय गेली तर कदीच जायाची न्हाय. काल रातच्याला तो पेज खाताना मेला असता. मी लपवला. चुकी माजी हाय. तुमच्या पाया पडतो."

बसलेल्या बायकांतली ठमाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "त्याची आय पन अशीच करायची. आमी म्हनायचो तिच्या अंगात येते. हलद-कुकू लावून पाया पडायचो." तिनं पदर तोंडाला लावला.

चंद्राकाका उठला. त्यानं खुर्ची स्वतःच्या हातानं बाजूला फेकली. "उचला रं टेम्पो," तो म्हणाला.

हवा भरायला वेळ नव्हता. सगळी पोरं टेम्पोला भिडली. गणपतीच्या गाडीला लावत नाहीत एवढे खांदे त्या खटाऱ्याला लागले. पहिल्या झटक्याला तो नुसता कुरकुरला. दुसऱ्या झटक्याला पुढचा भाग जरासा उचलला गेला आणि चाकांच्या रिम डांबरावर घासत तो बाजूला सरकला. तोवर बाकीची पोरं आत शिरली होती. बाहेरच्या माणसांशी कुणी भांडलं नाही. साखळी लागली, गावच्या हातातून नारपोलीच्या हातात, तिथून गाडीत. "ले भाई, पकड, पकड" असा एकच गलका. ज्या कामाला अर्धा दिवस जातो ते बघता बघता संपत आलं. धनेश स्वतः खोकी उचलत होता. खोकी हलकी होती. एवढ्या हलक्या वस्तूसाठी एवढं रामायण, या विचारानं त्याला रडू येत होतं आणि तो उचलत होता.

शेवटचं खोकं चढलं. मागचं दार लागलं, सील बसलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. गाडी हळूहळू गेटकडे वळली आणि बायकांनी उठून वाट करून दिली.

विवेकचा फोन वाजला.

त्यानं तो उचलला, ऐकला, आणि चालत गाडीच्या समोर जाऊन उभा राहिला. हात वर केला. पुढची चाकं गेटच्या पट्टीला लागून थांबली.

"ऑर्डर झाली," तो म्हणाला. "माल बाहेर काढायचा नाही."

"साहेब," धनेश म्हणाला. "साहेब, दोन हात राहिलाय."

"मला दिसतंय."

"तुमी फोन उचलला न्हाय, असा समजा."

विवेकचे डोळे भरले होते. "उचलला धनेशशेठ. वकिलाला मी 'हो, कळलं' म्हणालो. आता गाडी सोडली तर मी तुरुंगात जातो."

चंद्राकाका पुढं आला. "बाजूला व्हा साहेब. आमी काढतो गाडी. बगू कोन अडवते." पोरं पुढं सरकली. सकाळी गाडी अडवणारं गाव आता तीच गाडी पळवायला तयार होतं, आणि विवेक गाडीच्या बंपरला पाठ लावून तसाच उभा राहिला.

"काढा," तो म्हणाला. "मी किती जणांना अडवणार? पण बाहेर काढलेला माल कुठला मेडिकलवाला हातात धरेल? बिल रद्द झालंय. पोलीस तो रस्त्यात धरतील आणि जाळून टाकतील. आत राहिला तर निदान वर अपील होईल."

"अपिलाला किती दिवस?" धनेशनं विचारलं.

विवेकनं बाजूला सरकवलेल्या टेम्पोकडे पाहिलं आणि म्हणाला, "सकाळीच गेली असती हो ही गाडी. दुपारीसुद्धा गेली असती."

तो हे टोचून बोलला नाही. टोचून बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. धनेशनं चंद्राकाकाचा दंड धरला आणि त्याला मागं घेतलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि गाडी मागं घ्यायला पोरांनीच धक्का दिला. नेत्राच्या सासरची माणसं केव्हा निघून गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी ओट्यावर नामा बाजेवर बसला होता. नेत्रा त्याच्यासमोर वाटी घेऊन बसली होती. चमचा तोंडाशी नेई आणि मान कधी स्थिर होते त्याची वाट बघे. आज गोळीचा दिवस होता, तरी खांदा उडतच होता. धनेशला बघून नामाचं तोंड उजळलं. गावातली बातमी ओट्यापर्यंत यायला वेळ लागत नाही, पण ती सगळीच्या सगळी येते असंही नाही.

"गाडी... अडवलीस म्हनं," नामा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून आणावा लागे.

"हो बाबा."

"सगला गाव... हुबा ऱ्हायला?"

"ऱ्हायला. चंद्राकाका पन हुता."

नामा हसला. हसताना ठसका लागला. नेत्रा वाटी टाकून उठली, पण त्यानं हातानंच तिला थांबवलं आणि श्वास गोळा केला. "सोडलीस तर न्हाय ना शेवटी? कंपनी लई गोड बोलते. न्हाय ना गेली गाडी?"

नेत्रा भावाकडे बघत होती. तिला सुभाषचा फोन येऊन गेला होता. तिला सगळं ठाऊक होतं.

"न्हाय बाबा," धनेश म्हणाला. "न्हाय गेली. आतच हाय."

"बरा केलास," नामा म्हणाला. "माजा पोर हायस." त्यानं पोराच्या पाठीवर थाप द्यायला हात उचलला. हात मधेच झटका खाऊन वळला आणि खाडकन धनेशच्या गालावर बसला.

नामा आपल्या हाताकडे घाबरून बघत होता.

"लागला का रं?" त्यानं विचारलं.

धनेशनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. धरला तरी तो हलायचा थांबला नाही.